ओसरीवरची मुसळं

मुंबईत तेव्हा ट्राम धावायची, आणि ट्रामच्या दांड्याने वरच्या तारेवर ठिणगी टाकली की द्वारकेचं मोजणी यंत्र फसायचं. कॉलेजातल्या सरांनी त्या ठिणग्यांशी भांडण्यात बराच काळ घालवला आणि शेवटी कंटाळून म्हणाले, हे बिऱ्हाड जिथे वीज पोचलेली नाही अशा जागी हलवायला हवं. द्वारकेने लगेच मामांचं नाव सुचवलं. भाऊमामा जव्हार संस्थानातली नोकरी संपवून घरी बसले होते. गावाबाहेर, दाभोश्याच्या धबधब्याच्या वाटेला त्यांचा एक रिकामा बंगला होता. खालच्या उतारावर त्यांच्याच कुळांचा पाडा, आणि त्यापलीकडे भाताची कापलेली शेतं. विजेचा खांब नजर पोचेल तिथवर नव्हता.

भात घरात आल्यावर, थंडी पडता पडता ती खोकी घेऊन आली. मामांनी पुढली खोली झाडून दिली. यंत्र बॅटऱ्यांवर चालायचं, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

काम सांगायला सोपं होतं. परदेशात त्या वर्षांत मोठमोठी यंत्रं उभी राहत होती, ती अणूंच्या कणांना वेग देऊन सोडत. द्वारकेकडे तसलं काही नव्हतं. तिच्याकडे चांदीच्या चकतीवर बसवलेला पोलोनियमचा एक ठिपका होता, त्यातून कण आपल्या आपणच वेगाने बाहेर पडत. ते ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर सोडायचे. बहुतेक सगळे वाया जात. क्वचित एखादा अणूच्या गर्भात घुसे आणि तिथून प्रोटॉन उसळून निघे. पुढे अभ्रकाचा पापुद्रा लावलेला असे, तो पोलोनियमचे कण अडवी आणि प्रोटॉनला वाट देई. पापुद्र्यापलीकडे पितळी डबी होती. तिच्या नाजूक खिडकीतून प्रोटॉन आत शिरला की द्वारकेच्या कानाला लावलेल्या फोनात टक् असं वाजे. कण किती सोडले आणि टक् किती आले, यावरून तो गर्भ येणाऱ्या कणापुढे केवढं लक्ष्य धरून उभा आहे हे काढायचं. शास्त्रात त्याला छेदक्षेत्र म्हणतात. सरांना ते माप हवं होतं, आणि द्वारकेला ते आपल्या हातून मिळायला हवं होतं.

मोजणीआधी झडप लावून कण पुरते अडवायचे आणि फोन ऐकायचा. तेव्हा तो जवळजवळ गप्प बसायला हवा.

तो गप्प बसेना.

द्वारका स्वभावाने नीटनेटकी. यंत्राला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही हा तिने पहिल्या दिवसापासून नेम केला होता. पाड्यावरची नवशी पाणी आणून द्यायची. ती कौतुकाने दोन पावलं आत आली, तेव्हा द्वारकेने तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "हात मातीचे असतात तुमचे," ती म्हणाली, "इथे धूळसुद्धा चालत नाही." नवशीने आपल्या हातांकडे पाहिलं, हंडा ओसरीवर ठेवला आणि त्यानंतर कधी उंबऱ्याशी आली नाही. रोज सकाळी द्वारका सगळं यंत्र स्वतः पुसून घेई. चकतीची कड, झडप, अभ्रक, डबी. जेवायला बसण्याआधी आई ताट पदराने पुसते, तसं.

फोन का वाजतो हे शोधायला तिने खिडकी उघडली, तर पाड्यावरून मुसळांचा आवाज आला. बायका भात कांडत होत्या. प्रत्येक घावाला फोनात टक् होत होतं. यंत्रातल्या काचेच्या नळ्या अगदी हळव्या असतात, जमिनीतून आलेला हादरा त्यांना पुरतो. कारण सापडलं या आनंदात द्वारका त्याच पावली मामांकडे गेली.

मामांना यात अवघड काहीच दिसलं नाही. त्यांनी आपला गडी ढवळू याला पाठवून निरोप दिला की बाईसाहेबांचं काम चालू असेतो दिवसा कुणी कांडायचं नाही. पाड्याने ऐकलं. बायका पहाटे कांडू लागल्या आणि उजाडलं की मुसळं कुडाला टेकवून ठेवू लागल्या. फोन मात्र वाजतच राहिला. पुढे तर अधिकच.

मामा म्हणाले, "झाकून कांडत असतील. मी ओळखतो या लोकांना."

द्वारका त्या लोकांना ओळखत नव्हती. तरी तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ढवळू घरोघर फिरला आणि पाड्यावरची सगळी मुसळं खांद्यावर वाहून आणून त्याने बंगल्याच्या ओसरीवर भिंतीला उभी केली. हातांनी गुळगुळीत झालेली, मधोमध बारीक झालेली, खालच्या टोकाला लोखंडी कडं घातलेली. तिला त्या रांगेकडे पाहवेना. आत येऊन तिने दार ओढून घेतलं.

त्या दिवशी नवशी हंडा ठेवून गेली नाही. पायरीशी उभी राहिली. तिच्या मुलीचं, धाकलीचं लग्न माघात ठरलं होतं. लग्नाचं भात नवरीच्या अंगणातल्या उखळात, घरच्याच मुसळाने कांडायचं अशी त्यांची रीत. त्याच तांदळाचं पीठ कालवून भिंतीवर लग्नाचा चौक काढतात, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. आमचं एकच मुसळ दे, एवढंच ती मागत होती.

द्वारका म्हणाली की थोडे दिवस कळ काढा, तोवर मी जव्हारच्या बाजारातून कांडलेले तांदूळ आणून देते, चांगले, पांढरेशुभ्र.

"दुकानाच्या तांदळानं चौक नाय लिहीत, बाय," नवशी म्हणाली. मग विचारलं, "तुझ्यात लिहितात का?"

एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल, असं काहीतरी द्वारका पुटपुटली. नवशी गेली.

त्यानंतर पाडा खरोखरच गप्प झाला. बायका भाताच्या पाट्या डोक्यावर घेऊन ओढा ओलांडून लांबच्या पाड्यावर कांडायला जात. दुपारी नुसती पानं वाजायची. अशाच एका दुपारी द्वारकेने झडप लावली, फोन कानाला धरला. टक्. जरा वेळाने टक् टक्. मग पुन्हा.

तिचा पहिला विचार असा होता की एखादं मुसळ लपवून ठेवलंय. ती उठून ओसरीवर गेली. मुसळं होती तशी उभी होती. घरागणिक मोजून ढवळूने आणलेली, त्यांत एकही कमी नव्हतं. ती आत आली, फोन पुन्हा कानाला लावला आणि चिडून, सवयीने, डबीची खिडकी पुसायला वाकली.

पदर खिडकीजवळ गेला आणि फोनात टकटकीचा पाऊस पडला.

तिने पदर मागे घेतला. टकटक ओसरली. पुढे नेला. पुन्हा तेच. तिने फोन खाली ठेवला, पण ते कळायला आता फोनची गरज नव्हती. रोज सकाळी चकतीची कड पुसताना पोलोनियमचा अंश पदराला लागत होता, आणि त्याच पदराने ती अभ्रकाच्या पलीकडे, जिथे एकही कण जायला नको होता तिथे, डबीच्या खिडकीवर तो नेऊन लावत होती. रोज थोडा थोडा. जितकी ती स्वच्छता करी तितका फोन वाजे. मुसळांनी यंत्र हादरत होतं हे खरं, पण मुसळं तर कधीच थांबली होती.

हात मातीचे असतात तुमचे. ते वाक्य तिला आपल्याच आवाजात ऐकू आलं. तिने पातळ बदललं, ते एका पत्र्याच्या डब्यात कोंबून झाकण गच्च बसवलं, आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. त्यांनी तिला समजावलं की मुसळं ढवळू परत नेऊन देईल, काम झालं एवढं सांगितलं की पुरे.

"चूक झाली असं कुळांना सांगायचं नसतं," ते म्हणाले. "तू मुंबईला जाशील. मला इथे राहायचंय."

द्वारकेला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली. ओसरीवर ढवळू मुसळं बांधत होता. पाड्यावर काय सांगशील, असं तिने सहज विचारलं.

"सांगन, बाईसाहेबांनी मेहेरबानी केली."

द्वारका त्याला म्हणाली की नवशीचं मुसळ कुठलं ते दाखव, ते माझ्याकडे दे, आणि पाड्यावर तू काही बोलू नकोस.

मुसळ तिला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. उतारावर ते खांद्यावरून घसरत होतं. मागून ढवळू बाकीच्यांचा भारा घेऊन येत होता. पाड्यावर पोचेपर्यंत बायका अंगणात जमल्या होत्या, आणि बंगल्यातली बाई मुसळ घेऊन येतेय हे पाहून कुणी पुढे झालं नाही.

तिने सांगितलं. तुमचं कांडणं थांबल्यावरही यंत्र वाजत राहिलं, ते माझ्या पदराने. तुम्ही लपून काही केलं नव्हतं. मी तसं मानलं, ते चुकलं. पाठ केल्यासारखं एका दमात बोलून झालं.

कुडाशी टेकून बसलेली म्हातारी सकू म्हणाली, "मंग तुझा पदर कुणाच्या ओसरीवर नेऊन ठेवला गं?"

बायका खो खो हसल्या. द्वारकाही हसायला गेली, पण तिला जमलं नाही. नवशी हसली नव्हती. तिने मुसळाला हात लावला नाही, फक्त पडवीकडे बोट दाखवलं. तिथे तिचा नवरा खैराचं एक नवं लाकूड तासत होता आणि भोवती लालसर ढलप्या पडल्या होत्या. परक्या ओसरीवर इतके दिवस राहिलेलं मुसळ लग्नाच्या भाताला चालत नाही, धाकलीने हळूच सांगितलं. ती नवरी मुलगी, मान खाली घालून, जणू चूक तिचीच.

"मग याचं काय करू?" द्वारकेने विचारलं.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," नवशी म्हणाली. "जागा झालीये त्याला तिथं."

बाकीच्या बायकांनी ढवळूच्या भाऱ्यातून आपापली मुसळं ओळखून उचलली. द्वारका नवशीचं मुसळ घेऊन उतार चढून परत आली.

त्या संध्याकाळी तिने सरांना कळवलं की जव्हारची आजवरची सगळी मोजणी रद्द समजावी. कारणही लिहिलं, पदरासकट. डबीची खिडकी काढून नवी बसवावी लागणार होती आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती.

लग्नाचं कांडण भरदिवसा झालं. पहिला घाव पडला तेव्हा ती नवी खिडकी लावून झडप लावलेली मोजणी घेत होती. फोनात टक् झालं. मग दुसरं मुसळ, मग गाणं. तिने बॅटरीच्या तारा सोडवल्या, फोन गुंडाळून ठेवला आणि खिडकी उघडून बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

मधेच नवशी आली, डोक्यावर हंडा, अंगभर कोंड्याची पूड. रोजचं पाणी चुकू नये म्हणून. द्वारका उठून दाराशी गेली आणि आत ये म्हणाली, यंत्र बघ.

नवशीने हंडा ओसरीवर, भिंतीला टेकलेल्या त्या एकट्या मुसळाशेजारी ठेवला.

"नाय बाय," ती म्हणाली, साधेपणाने, टोमणा न मारता. "हातांना कोंडा हाय."

आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून ती उतरून गेली.