जीपच्या पोटातली कडी

मी कडी बोलतेय. दाराची नव्हे, जीपची. खाली वाका, अजून खाली, गुडघे मातीत टेकवा. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा गोल डेरा दिसतो ना, त्याच्या पोटात माझं घर. कंपनीच्या खोक्यावर माझं नाव 'डिफरन्शियल लॉक' असं छापलं होतं. तोंडात मावत नाही असलं नाव ठेवायचं आणि मग कुणी घेत नाही म्हणून रडायचं! कडी हे नाव मला एका बाईने दिलं. ती पुढे येईलच.

शाळेत मी गेले नाही. जे शिकले ते चिखलात, चढणीला आणि शिव्या खात शिकले. त्यामुळे "असली कडी बसवावी का, पैसे फुकट तर जाणार नाहीत?" असं विचारायचं असेल, तर मलाच विचारा. ज्याने जन्मात चाक चिखलात घातलं नाही, त्याच्याकडे सल्ला मागायला जाऊ नका.

आधी माझं काम समजून घ्या. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून दोघांना आपापल्या वेगाने फिरायची मोकळीक असते. ती मोकळीक देणारी दातेरी चक्रं माझ्या शेजारीच राहतात. गरीब स्वभावाची आहेत बिचारी, पण एक चाक हवेत लटकलं की त्यांचा भोळेपणा नडतो. सगळं फिरणं त्या रिकामटेकड्या चाकाला मिळतं. ते हवेत गरगर नाचतं आणि जमिनीवर पाय रोवलेलं कष्टाळू चाक ढिम्म उभं. माणसांच्या घरांतही असंच चालतं म्हणे. अशा वेळी बटण दाबलं की मी मध्ये पडते, दोघांना जखडते आणि बजावते, फिराल तर दोघं मिळून फिराल.

माझा पहिला मालक हौशी होता. मित्रांना जमवून सपाट मैदानात बटण दाबायचा. बटणाशेजारचा दिवा लागला की टाळ्या! जीप रोज धुवायचा. माझ्या तोंडात भक्कम दात आणि चावायला काही नाही, अशी गत. मग त्याची हौस फिटली आणि जीप विकायला निघाली.

ती घेतली दोन जावांनी. मधमाश्यांच्या पेट्या फुलांच्या मागे मागे नेणं हा त्यांचा धंदा. खाली फुलोरा संपला की पेट्या जीपमध्ये लादायच्या आणि वरच्या उतारावर नेऊन मांडायच्या. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. एक घरी पेट्या ठोकतो. दुसऱ्याला माशी चावली की अंग सुजतं, म्हणून तो लांबूनच सूचना देतो. गाडी चालवायची थोरलीने, शेजारी बसून तिच्या चुका काढायच्या धाकटीने.

थोरली मला आवडली. वाईट जागा आली की ती गाडीतून उतरायची, पायी चालून बघायची, काठी खुपसायची, टायरमधली थोडी हवा सोडायची आणि मगच चाक कुठून न्यायचं ते ठरवायची. खरं सांगते, एवढं केलं तर बहुतेक वेळा माझी गरजच पडत नाही. स्वतःचीच गरज नाही असं कोण सांगतं? मी सांगते. मला भीती कुणाची?

पण शहाण्या माणसाची चूकही मोठी असते. एकदा ओढा ओलांडताना थोरलीने मला लावलं. पलीकडे गेल्यावर सोडायला हवं होतं. नेमकं तेव्हा दोघींचं भांडण रंगात आलं होतं. पाण्याचा कॅन घरी कोण विसरलं, यावरून. मी लागलेलीच राहिले. पुढे मधाच्या गोदामासमोर कोरड्या फरशीवर तिने गर्रकन वळण घेतलं. चाकं किंचाळली. मीही आतून ओरडत होते, "सोड गं बाई, सोड!" पण ऐकतंय कोण? चाकाकडे जाणारा लोखंडी दांडा काडकन मोडला.

धाकटी खाली उतरली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ताई, कडी उघडी राहिली म्हणून घर लुटलेलं ऐकलं होतं. कडी लावलेली राहिली म्हणून घर मोडलेलं आजच बघितलं."

तेव्हापासून मी कडी.

थोरली हसली नाही. दांडा नवा बसला, पण तिने माझ्या बटणावर काळी चिकटपट्टी मारली. मिस्त्रीला म्हणाली, "एवढी खेप होऊ दे, मग काढूनच टाक ही ब्याद." मिस्त्रीने गिऱ्हाईकही शोधून ठेवलं. चूक कुणाची, पट्टी कुणाच्या तोंडावर!

ती खेप आली. पहाट व्हायच्या आधीच पेट्यांची तोंडं जाळीने बंद करून सगळ्या जीपमध्ये चढवल्या. पेट्या बंद असताना ऊन तापलं तर आत कोंडलेल्या माश्या उकडून मरतात, मेणाची पोळी वितळून त्यांच्यावर कोसळतात. म्हणून ऊन व्हायच्या आत वर पोहोचायचं, हा नियम. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या पेट्या त्या दिवशी गाडीत होत्या.

वरच्या वळणाआधी पाण्याने वाट कापून खोल घळ पाडली होती. थोरलीने उतरून बघितलं, हवा सोडली, तिरकी वाट धरली. तिचं सगळं बरोबर होतं. पण मधल्या दगडाखालची माती खचली आणि जीप तिरकी लटकली. पुढचं एक चाक हवेत, मागचं त्याच्या विरुद्ध बाजूचं हवेत. गॅस दिला की दोन्ही लटकलेली चाकं भुईविना नाचायची. मागे घेऊन बघितलं, तरी तेच. चाकांखाली दगड भरले, ते सुटून घरंगळले.

तोवर ऊन पाठीवर आलं. मागे पेट्यांमधली गुणगुण चढली, तिचा आवाज बारीक आणि धारदार झाला. धाकटी कॅनमधलं पाणी जाळ्यांवर शिंपडू लागली.

"जाळ्या काढू का, ताई? निदान जीव तरी वाचतील."

"काढ, आणि मग? या घळीलाच घर समजतील त्या. पेट्या पुढे नेल्या तर परत इथेच येऊन घोंगावत बसतील. आणि लटकत्या गाडीत आपल्या दोघींचे चेहरे काय होतील, ते तुझ्या नवऱ्याला विचार."

"मग उतरवू या पेट्या. उचलून नेऊ."

"दुपार होईल. तेवढा वेळ नाही त्यांच्याकडे."

धाकटीने कॅन हलवून बघितला. तळाला थोडंच पाणी उरलं होतं. मग ती पुढे आली आणि बटणावरची पट्टी नखाने खरवडायला लागली.

"हात लावू नकोस! परत मोडला दांडा तर बसू इथेच."

"आत्ता कुठे चाललोय आपण? बसलोच आहोत की! ताई, तेव्हा कडी नाही चुकली. तुम्ही चुकलात. आणि मीपण. कॅन मीच विसरले होते, आता झालं समाधान?"

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे दोन महिने मला..."

"भांडण नंतर. कडी लावा."

पट्टी निघाली. माझ्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. धाकटीचं बोट बटणाकडे गेलं तशी थोरली ओरडली, "थांब! चाक फिरतंय अजून. फिरत्या चाकाला कडी घातली तर दात जातील तिचे." माझ्या दातांची काळजी करणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं! तिने गॅस सोडला. चाकं थांबली. बटण दाबलं. मी सरकले आणि पुरती अडकले. दिवा लागला.

"हळू," धाकटी पुटपुटली. या वेळी थोरलीने तिचं ऐकलं आणि गॅस अलगद दिला.

लटकलेलं चाक पुन्हा नाचायला निघालं. मी म्हटलं, एकटं नाचशील तर बघ. जमिनीवरच्या चाकाने माती धरली, दगड धरला. सगळ्या गाडीचं ओझं माझ्या दातांवर आलं. अशा ओझ्यासाठीच मला भट्टीत तापवून घडवलं होतं. जीप कण्हली, हलली, दगडावर चढली आणि घळीच्या काठावर येऊन सरळ उभी राहिली.

धाकटी टाळ्या पिटायला लागली. थोरली म्हणाली, "आधी तिला सोड."

बटण बंद झालं, पण मी सुटेना. ताणाखाली अडकले होते. दिवा जळतच होता. दोघींचे चेहरे उतरले. थोरलीने वळण घेतलं नाही. जीप सरळ थोडी मागे घेतली, थोडी पुढे. ताण सैल झाला, टक् करून मी मोकळी झाले आणि दिवा विझला. थोरलीने एवढा मोठा श्वास सोडला की पुढची काच धुरकटली.

वर झाडांच्या सावलीत पेट्या मांडल्या, जाळ्या काढल्या. थोडा वेळ काहीच नाही. दोघी उकिडव्या बसून दारांकडे बघत होत्या. मग एकेक करून माश्या बाहेर आल्या, दाराशी रांग लावून पंखांनी वारा घालू लागल्या. थोरलीने एकेका पेटीला कान लावला. आवाज पुन्हा जाड, घरचा झाला होता.

"मिस्त्रीला काय सांगायचं?" धाकटीने विचारलं.

"सांग, ब्याद काढायची नाही. आणि घरी गेल्यावर कॅनचं बघते तुझ्याकडे."

आता विचारा, मी असावी का? रोज डांबरी रस्त्याने जाणार असाल तर मला विकत घेऊ नका. पोटात उगाच वजन. आधी पायी चालून वाट बघायला शिका, हवा सोडायला शिका. एवढं करूनही जिथे चाक हवेत जातं, अशा वाटेवर तुमचा जीव की प्राण मागे लादलेला असेल, तर मला जरूर घ्या. फक्त वेळेवर सोडा. धरायला मी समर्थ आहे, सोडायचं तुमच्या हातात आहे.

थोरलीने यावर उपाय काढलाय. मला लावलं की धाकटीने तोंड मिटायचं नाही. चढण असो, ओढा असो, ती शेजारी बसून जप करत राहते, "लागलीय, लागलीय, लागलीय..." थोरली म्हणते, देवाने या बाईला तोंड दिलं ते अखेर कामाला आलं. मी खाली दात रोवून ते ऐकत असते. मग कोरडी वाट येते, दिवा विझतो आणि वरून धाकटीचा आवाज येतो, "सुटली!"

तिघींच्याही जिवात जीव येतो.