धावपट्टीच्या कडेची जागा

कल्याणच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला, लढाईच्या काळात गोऱ्यांनी विमानं उतरवायला एक पट्टी केली होती. लढाई सरली, गोरे गेले आणि पट्टीच्या कडेनं गावानं पुन्हा भात लावला. तिथंच एका बांधावर काळुरामनं आपली तान्ही लेक पुरली होती. तिचं बारसंही व्हायचं होतं.

अशा ठिकाणी आईनं जायची रीत नाही. त्यामुळं हौसाबाईनं ती जागा कधी पाहिली नव्हती. तान्ह्या पोराचं पान वाढायचं नसतं म्हणतात. पण दर सर्वपित्रीला ती दूधभात कालवून द्यायची आणि काळुराम नेऊन ठेवायचा. तो परत आला की मगच दोघं जेवायची.

मग किनाऱ्यावर लष्कराचं रडार बसलं आणि तिकडं माणसं नि सामान न्यायला इथं पुन्हा विमानं उतरू लागली. पट्टीभोवती भिंत चढली. त्याच वर्षी काचबिंदूनं काळुरामचे डोळे पुरते नेले.

यंदा सर्वपित्रीला दोघं शहाडहून रिक्षानं फाटकाशी आली. पहाऱ्यावरचा जवान साताऱ्याकडचा, मऊ बोलणारा. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "आजोबा, एकालाच सोडता येईल. तेही लवकर उरकायचं. विमान यायचंय."

काळुरामला जागा ठाऊक, पण डोळे नव्हते. हौसाबाईला डोळे होते, जागा ठाऊक नव्हती.

"तू जा गो," तो म्हणाला.

"जलमभर नेलं नाय मना. बायांनी जायाचं नसतं, म्हनायचास. आता कसं चालतं?"

"रीत डोळंवाल्यांची असते गो. हितून उजव्या अंगाला जा. म्हशीएवढा काळा खडक दिसंल. त्याच्या पाठीला बांध, बांधावर करवंदीची जाळी. तिच्या बुडाशी."

खडक, बांध, जाळी, असं पुटपुटत ती आत गेली. जवान मागून चालला.

आत खडक नव्हता. बांध नव्हता. नजर पोचेल तिथवर मुरूम टाकून दाबलेली जमीन. ती उजवीकडे गेली, थांबली, मागं फिरली.

"खडक कुठं गेला रं, बाला?"

"मी आलो तेव्हापासून असंच आहे, आजी."

दूधभाताचं पान हातात धरून ती उभी राहिली. कुठल्याही पावलाखाली लेक असेल, या भयानं तिला पाऊल टाकवेना. आभाळात घरघर सुरू झाली तसा जवान म्हणाला, "चला आजी, आता चला." होती तिथंच वाकून तिनं पान खाली ठेवलं.

फाटकाबाहेर काळुराम काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

"गावली?"

"गावली."

"खडक हाय?"

"हाय. जाळी पन हाय. चांगली फोफावलीय."

काळुरामनं हात पुढं केला. चाचपत चाचपत हात तिच्या लुगड्याच्या काठाशी आला. त्या जाळीशी पोचायला खडकामागच्या झऱ्याच्या चिखलातून जावं लागे. पावसानं कितीही दडी मारली तरी दिवाळीपर्यंत तिथून कोणी कोरडं परतलं नव्हतं. काठ कोरडा होता. बोटांना नुसती मुरमाची धूळ लागली.

हौसाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बरं झालं," तो म्हणाला. "एकदा बघितलीस तरी."

मग तिच्या खांद्याचा आधार घेऊन तो उठला आणि दोघं रिक्षाकडे निघाली.