दहा मिनिटं मागं

मी भिंतीवरचं घड्याळ बोलतोय. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. मला मान मिळाला तो विहिरीच्या फाट्यावर, धोंडुबाईच्या चहाच्या हॉटेलात. साल सत्तर-एकाहत्तर असेल.

नेसरीकडून हुपरीला पैंजण घ्यायला निघालेली माणसं तिथं गाडी बदलत. धोंडुबाई माझ्याकडं बघून ओरडायची, "पावणं, कप ठेवा, पळा! गाडी चुकंल." अर्धा चहा कपात राहायचा, पण माणूस पुढच्या खेपेला तिच्याकडंच यायचा.

मग मैलभरावर, आंब्याच्या फाट्यावर, गणपतरावानं भज्यांची कढई मांडली. कंडक्टरला भजी फुकट. झालं! कंडक्टर ओरडू लागले, "हुपरीवाले, आंब्याला उतरा!" वर्षभरात धोंडुबाईची चूल थंड पडली. ती मला विकायला निघाली तेव्हा गणपतराव हसत म्हणाला, "दे की धोंडुबाई. तुझ्याकडं आता येळ बघायला हाय कोण?"

ते हसणं मी विसरलो नाही.

त्यानं मला कढईच्या वर टांगलं आणि माझे काटे दहा मिनिटं मागं ओढले. "बसा की पावणं, गाडीला लई येळ हाय." माणसं आत निवांत खात बसत आणि बाहेर गाडी निघून जाई. पुढची दोन तासांनी. तोवर आणखी भजी. शिव्या मात्र मला बसत.

मला सूड हवा होता. पण खिळ्याला टांगलेल्यानं तो घ्यायचा कसा? मी एकच केलं. रोज बरोबर दहाच मिनिटं मागं राहिलो. नऊ नाही, अकरा नाही.

एका रविवारी एस.टी.चे मोठे साहेब आले. गाड्या बदलायला यापुढं एकच थांबा राहणार होता, आणि तो कुठला हे त्यांनी ठरवायचं होतं. त्यांनी मनगटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हे मागं आहे."

"बिघडलंय, साहेब," गणपतराव म्हणाला.

"बिघडलं कुठलं!" भाजीची बुट्टी घेऊन बसलेली नेसरीची तानाबाई गरजली. "तीनदा माझी गाडी चुकली हितं. तिन्ही येळा पुढच्या गाडीच्या कंडक्टरला येळ इचारली, हे धाच मिनिटं मागं! बिघडल्यालं घड्याळ इतकं नेमानं चालतंय व्हय रं, मुडद्या?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. थांबा विहिरीच्या फाट्याला गेला.

गणपतरावानं झारा फेकून माझी काच फोडली. आता मी दाराबाहेर कोळशाच्या पोत्यावर बंद पडून आहे. धोंडुबाई मला परत मागायला आली होती. त्यानं दिलं नाही. बरंच झालं. इथून रस्ता दिसतो. नेसरीची गाडी येते, गणपतराव हात करतो, गाडी थांबत नाही.

लोकहो, मला दुरुस्तीला कुणी नेऊ नका. मला अजून बघायचंय.