आपण म्हणजे दोघं

सोळाव्या क्रमांकानंतर माझा आवाज थांबत असे.

हजेरीपटातले सतरावे नाव, तुळजा म्हात्रे, मीच लाल शाईने खोडले होते. कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. कामतघरच्या आमच्या शाळेला तिन्ही बाजूंनी कापड विणणाऱ्या मागांचे कारखाने; त्या खडखडाटाच्या वर चढणारा आवाज, एवढेच शिक्षिकेचे बळ. आणि माझा आवाज त्या लाल रेघेपाशी येऊन ओहोटीसारखा मागे फिरे. एक्क्याण्णवच्या जानेवारीत मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सुचेताबाई, जूनपर्यंत वाट बघते. नाही जमलं तर वर्ग देता येणार नाही. ऑफिसात बसा."

ठाण्याच्या एका डॉक्टरांनी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या. झोप आली; आवाज आला नाही. दादरच्या दुसऱ्यांनी तासभर ऐकले आणि शेवटी विचारले, "आपण हे विसरून का जात नाही?" तो अदबशीर 'आपण' मला आतून कडी लावलेल्या दारासारखा वाटला.

तिसरा पत्ता सहकारी शुभदाने दिला. "जवळच्या काल्हेर गावचा आहे, मानसशास्त्र शिकलेला. नाही पटला तर सोड. एका साडीसाठी दुकानदाराला दहा उलगडायला लावतेस, इथंच कसला संकोच?"

पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत एक दणकट माणूस स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होता.

"साहेब आहेत का?" मी विचारले.

"हायेत की. हात धुऊन येतात."

हात धुऊन तो माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. "मी केसरीनाथ. औषध देत न्हाय, ते काम डॉक्टरांचं. मी ऐकतो, बोलतो."

माझे कान तापले. ते मात्र हसत होते.

मी तुळजाबद्दल सांगितले. आजवर कोणालाच न सांगितलेलेही सांगितले. ती म्हणाली होती, बाई, मळमळतंय. आणि मी म्हणाले होते, नाटकं करू नकोस, बस खाली.

त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मग म्हणाले, "बोला, आपण काय करायचं?"

दादरचा 'आपण' अजून कानात होता. मी चिडले. "मी काय करणार? कळलं असतं तर इथं आले असते का?"

ते गोंधळले, मग मोठ्याने हसले. "बाई, मानाचा 'आपण' आमच्या गावात न्हाय. आपण म्हंजे तुम्ही आन् मी. दोघं."

खालची गिरणी नेमकी थांबली होती. सर्वनामांचे तक्ते मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले. त्यातला हा एक शब्द इतका रुंद असेल, असे कधी वाटले नव्हते.

त्यांनी सुचवले, तिच्या आईला भेटू. मी म्हणाले, अजून नको. "बरं, माझं चुकलं. तुम्ही सांगा." मी सुचवले, नावांऐवजी क्रमांक पुकारीन. आठवडाभर करून पाहिले. सतरा हा आकडाच घशात अडकला.

"म्हंजे बरोबरी झाली," ते म्हणाले.

मग दोन महिने आम्ही त्या खोलीत हजेरी घेतली. गिरणीच्या घरघरीत मी नावे पुकारत असे आणि ते अडतीस मुलींच्या वतीने 'हजर' म्हणत. पुढे गिरणी बंद असताना. एकदा सतरावे नाव उच्चारून मी रडले. डोळे पुसताना माझ्याच तोंडून गेले, "ती रेघ मुलींनाही दिसत असेल."

"मग त्यांना सोडून कसं चालंल?" ते म्हणाले.

एप्रिलमधला शुक्रवार, शाळेतला माझा वर्ग. शुक्रवारी माग बंद असतात; त्या शांततेत आवाजाला लपायला जागा नसते. सोळा नावे झाली. मी लाल रेघेवर बोट ठेवले.

"पुढचं नाव आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आपण ते म्हणू या. तुळजा." श्वास घेतला. "त्या दिवशी तिला बरं नव्हतं, आणि मी तिचं ऐकलं नाही."

मग तिच्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

"बाई, तिनं माझी पेन्सिल नेली ती दिलीच न्हाय."

वर्ग हसला. मीही हसले, आणि हसतानाच डोळे भरून आले.

मी अठरावे नाव पुकारले. आवाज कापत होता. पण पुढे चालला होता.