त्याला आधीपासून ठाऊक होतं

घरात भूत शिरलं ते वाचनालयाच्या पिशवीतून. चांगलं जाडजूड पुस्तक होतं. काळ्या मुखपृष्ठावर धुक्यात उभी असलेली एक मुलगी आणि तिच्या मागे एक देखणा मुलगा, ज्याचे पाय कुठे दिसत नव्हते.

ते आणलं होतं टकळीने. टकळी म्हणजे आत्याच्या दादा-वहिनींची सोळा वर्षांची लेक. बारशाचं नाव चांगलं होतं, पण बोलायला लागल्यापासून तिचं तोंड म्हणून मिटलं नाही. आत्याने एकदा कंटाळून टकळी म्हटलं आणि तेच चिकटलं. आता हीच टकळी जेवताना गप्प. ताटात काय वाढलंय याचा पत्ता नाही, मांडीवर पुस्तक, आणि मधेच डोळे पुसणं.

वहिनी हबकल्या. त्यांनी नणंदेला स्वयंपाकघरात गाठलं.

"वन्सं, तुम्ही जरा बघा ना ते काय आहे. मुलगी भुताच्या प्रेमात पडते म्हणे. वर खून! हे वय असलं वाचायचं आहे का?"

"तूच वाच की."

"मला नाही बाई जमायचं. मला स्वतःच्या सावलीची भीती वाटते. तुमचं काळीज घट्ट आहे. दिवसभर कवळ्यांच्यात बसता."

ते मात्र खरं होतं. दातांच्या एका दवाखान्यात, मागच्या खोलीत, आत्याने निम्मं आयुष्य काढलं होतं. समोर डॉक्टरांनी माप घ्यायचं आणि मागे आत्याने दात करायचे. भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. नवा माणूस आत आला की दचकायचा. आत्याला ते शेजाऱ्यांसारखे वाटायचे. लग्न तिने केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायचे दिवसही कधीच मागे पडले होते.

तर टकळी सकाळी कॉलेजला गेली की पुस्तक आत्याच्या पिशवीत आणि संध्याकाळी परत जागेवर, असं ठरलं. चार पानं चाळू, मत देऊ, सुटलो, असा आत्याचा बेत होता.

डबा खाताखाता तिने पहिलं पान उघडलं. एक मुलगी आईबरोबर नव्या गावात राहायला येते. शाळेच्या जिन्यात तिला रोज एक मुलगा भेटतो. हसरा, हजरजबाबी, तिची मस्करी करणारा. पुढे कळतं की तो फक्त तिलाच दिसतो. वीस वर्षांपूर्वी त्याच जिन्यात त्याचा खून झालेला असतो आणि खुनी अजून गावात उजळ माथ्याने वावरत असतो. दोघं मिळून त्याला शोधायला निघतात.

"कैच्या कै," आत्या पुटपुटली आणि पान उलटलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर हातात कवळी घेऊन मागच्या खोलीत आले. "या आजोबांना दोन्ही बाजू डाव्याच आहेत का हो?"

आत्याने पाहिलं. उजवीकडच्या जागी तिने डावीकडचेच दात बसवले होते. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पण त्या सकाळी ती मुलगी तळघरात अडकली होती आणि दाराबाहेर कोणाची तरी पावलं वाजत होती, त्याला आत्या तरी काय करणार!

घरी वहिनींनी विचारलं, "मग? कसं आहे?"

"अजून नीट अंदाज येत नाही. शेवटपर्यंत वाचावं लागेल."

"वाईटसाईट काही?"

"नाही गं. वाचू दे तिला."

शेवट तिने एका दुपारी वाचला. खुनी सापडतो. मुलगी आनंदाने धावत जिन्यात येते, तर तो मुलगा विरायला लागलेला असतो. खुनी पकडला गेला की आपण सुटणार, म्हणजे कायमचे जाणार, हे त्याला तिसऱ्या प्रकरणापासून ठाऊक असतं. "तुला सांगितलं असतं तर तू शोध थांबवला असतास," तो म्हणतो, आणि हसत हसत नाहीसा होतो.

आत्याने पुस्तक असं मिटलं की फळीवरचे जबडे हलले.

वाचनालयात दर महिन्याला एका रविवारी मुलांची बैठक असे. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि त्यावर बोलायचं. या वेळी सुरुवात टकळी करणार होती. आठवडाभर तिने आरशासमोर तालीम केली, मैत्रिणींशी फोनवर तावातावाने वाद घातले, आणि ऐन रविवारी सकाळी तिचा घसा बसला. तोंड उघडलं तर नुसती हवा. डोळ्यांत पाणी आणून तिने आत्यापुढे लिहिलेला कागद धरला आणि फोनवर टाइप केलं: "तू वाच ना माझ्या वतीने. प्लीज."

वरच्या मजल्यावरच्या खोलीत पंधरा-वीस मुलंमुली गोल करून बसली होती. टकळी गळ्याला मफलर गुंडाळून खिडकीशी बसली. आत्याने चष्मा लावला आणि वाचायला घेतलं.

टकळीने झकास लिहिलं होतं. तो मुलगा तिला या जगात सर्वांत थोर वाटत होता. सगळं माहीत असून तो हसत राहिला, आपल्या जाण्याचं ओझं त्याने तिच्यावर टाकलं नाही, प्रेम असावं तर असं. मात्र शेवट तिला मान्य नव्हता. लेखिकेने त्याला ठेवून घ्यायला हवं होतं. एवढी भुतं जगात फिरतात, एकाने राहिलं तर काय बिघडलं असतं?

टाळ्या पडल्या. एक उंच मुलगा म्हणाला, खुनी कोण ते त्याला पहिल्या पन्नास पानांतच कळलं होतं. दाताला तारा लावलेली एक मुलगी म्हणाली, ती बसमध्ये इतकी रडली की कंडक्टरने तिला पाणी दिलं. आणखी एकीला प्रेम फार आणि भूत कमी वाटलं. पण "तुला सांगितलं असतं तर" हे वाक्य मात्र सगळ्यांना पाठ होतं. दोघींनी ते वहीच्या मुखपृष्ठावर लिहिलं होतं.

"तुम्हीही वाचलंय का?" ग्रंथपालबाईंनी आत्याला विचारलं.

नाही म्हणून सुटता आलं असतं. "वाचलंय," आत्या म्हणाली. "मला तो मुलगा अजिबात आवडला नाही."

खोलीत "आँ?" उमटलं. टकळीने मान उंचावली.

"गोड आहे, मान्य. जिन्यातल्या गप्पा मला फार आवडल्या. पण त्याला ठाऊक होतं ना? मग सांगायला काय झालं होतं? तुम्ही म्हणता, तिला दुःख होऊ नये म्हणून गप्प बसला. दुःख काय टळलं का? झालंच ना? फक्त ते एकटीने करायची पाळी तिच्यावर आली. सांगितलं असतं तर दोघांनी मिळून केलं असतं."

"पण मग तिने खुनी शोधलाच नसता," उंच मुलगा म्हणाला.

"नसता शोधला किंवा असताही. ते तिने ठरवायचं होतं. त्याने तिच्या वतीने ठरवून टाकलं आणि वर हसला. माणूस जातो, बाळांनो. काही वेळा जावंच लागतं. पण सांगून जाणं वेगळं आणि न सांगता जाणं वेगळं. न सांगता गेलेला माणूस मागच्याला कामाला लावून जातो. माझं काय चुकलं, याचा शोध घेत बसायचं काम."

तारावाल्या मुलीने हात वर केला. मुलगी धीट होती. "तुम्हाला कोणी न सांगता सोडून गेलं होतं का?"

ग्रंथपालबाई चपापल्या. आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला.

"हो," ती म्हणाली.

मग त्या मुलीने वहीवरच्या वाक्याकडे पाहिलं. "तरीपण मला तो आवडतोच," ती हळूच म्हणाली.

"आवडू दे की! मी कुठे हिसकावून घेतेय?" आत्या म्हणाली, आणि सगळे हसले. त्यानंतर जो वाद पेटला तो ग्रंथपालबाईंना दिवे मालवायची धमकी देऊन थांबवावा लागला. आत्याच्या बाजूला तिघं आली, उंच मुलगा कुंपणावर बसला, बाकी सगळी त्या भुताच्या पाठीशी ठाम राहिली.

घरी येताना दोघी चालतच निघाल्या. टकळीला बोलता येत नव्हतं आणि राहवतही नव्हतं. चौकापर्यंत तिने कसाबसा दम धरला. मग फोन आत्याच्या नाकासमोर आला.

"कोण होता?"

"दवाखान्यात औषधं पोहोचवायचा. चार दिवसांत येतो म्हणाला आणि आलाच नाही."

"परत कधीच नाही???"

"आला. दहाएक वर्षांनी. दाढ दुखत होती म्हणून."

टकळी रस्त्यातच थांबली.

"डॉक्टरांना काय माहीत! त्यांनी मला बाहेर बोलावलं, दाताच्या कॅपचा रंग जुळवायला. खुर्चीत हा. तोंड आ वासलेलं, त्यात कापूस कोंबलेला. मला बघून जे डोळे विस्फारले..."

टकळी आवाजाविना हसायला लागली, मग खोकायला लागली. आत्याने तिची पाठ थोपटली.

"मग??"

"मग काय, रंग जुळवला. कॅप चांगली केली मी, उगाच खोटं कशाला बोलू. नंतर तो बाहेर थांबला होता. सगळं सांगितलं त्याने. घरी अडचण होती, आईने दुसरीकडे जमवलं होतं, मला सांगायची हिंमत झाली नाही. ऐकून वाईट वाटलं गं. पण एक बरं झालं. माझं काही चुकलं नव्हतं, हे कळलं. वेळेवर सांगितलं असतं तर तेवढी वर्षं वाचली असती."

टकळीचा अंगठा चालला.

"आईला माहितीये?"

"नाही. दादालाही नाही. आज त्या एवढ्या पोरांना सांगितलं, ते कसं काय कोण जाणे."

टकळीने फोन खिशात टाकला आणि आत्याच्या हातात हात अडकवला. दहा पावलंही झाली नाहीत, तोच तिने तो फोन पुन्हा बाहेर काढला. एका हाताने टाइप करायचं, दुसरा हात सोडायचा नाही. त्यामुळे चालणं अगदीच रेंगाळत होतं. मागून येणारे लोक वळसा घालून पुढे जात होते.

"दिसायला कसा होता?"

"बरा होता," आत्या म्हणाली. "दात सुरेख होते."