कुलूप, पाखरू आणि मैदानाकडेचे स्ट्रेचर

मी एक जुने स्ट्रेचर आहे. मित्रांनो, माझे नाव ऐकून तोंड पाडू नका. जखमी माणसाला वाहून नेणे हे माझे काम खरे. पण माझे बहुतेक आयुष्य फुटबॉलचे सामने बघण्यात गेले, आणि तेही फुकट, मैदानाला अगदी खेटून. इतकी जवळची जागा क्लबच्या अध्यक्षांनाही मिळत नसे.

माझा जन्म एका सुताराच्या घरामागच्या शेडमध्ये झाला. सुतार आमच्या क्लबचा जुना चाहता. एका सामन्यात पाय मोडलेल्या खेळाडूला दाराच्या फळीवर घालून नेताना त्याने पाहिले. घरी येऊन त्याने दोन लांब दांडे तासले. हातांनी धरायची जागा तर इतकी घासली, की तळहाताला कुसळसुद्धा लागू नये. त्याच्या बायकोने जाड कॅनव्हास आणून मशीनवर दुहेरी शिवला. मग तिने आपल्या धाकट्या भावाला बोलावून माझ्यावर आडवे व्हायला लावले. हा भाऊ बेकरीवाला होता आणि स्वतःच्या मालाचे मोठे गिऱ्हाईकही होता. त्याचे वजन पेलले तर कुणाचेही पेलेल, असा तिचा हिशोब. मी पेलले. तो मात्र पहाटेपासून भट्टीपुढे उभा राहून दमलेला. माझ्यावर पडल्या पडल्या घोरू लागला.

तेव्हापासून प्रत्येक सामन्याला सुतार माझा पुढचा दांडा धरी आणि बेकरीवाला मागचा. मेव्हणे-दाजींची ही जोडी मैदानाच्या कडेला बसे, मधे मी. आमच्या पाठीमागे दगडी पायऱ्या होत्या. सुताराची बायको तिसऱ्या पायरीवर बसे. साऱ्या पायऱ्या तिला ताईच म्हणत.

मित्रांनो, पायऱ्यांवर एका वेळी दोन सामने चालत. एक समोर मैदानात, आणि दुसरा लोकांच्या तोंडी. त्या दुसऱ्या सामन्यात क्लबचे जुने खेळाडू अजून खेळत असत, कधी थकत नसत आणि दर वर्षी थोडे आणखी चांगले खेळत. नवा खेळाडू चुकला रे चुकला, की कुणीतरी उसासा टाकी आणि जुन्यांपैकी एकाचे नाव काढी. मग समोरचा चेंडू कुठे गेला हे कुणाच्या गावीही नसे.

सुताराचा आवडता खेळाडू होता एक बचावपटू. त्याला सगळे ‘कुलूप’ म्हणत. तो मागे उभा असला, की आमच्या गोलीला, म्हणजे गोलरक्षकाला, जांभया देता येत. कुलुपाला सुंदर खेळणे ठाऊक नव्हते. एकदा त्याचे कपाळ फुटले, डोळ्यात रक्त उतरले. आम्ही धावत गेलो, तर त्याने मला पायाने बाजूला सारले आणि म्हणाला, “हे परत न्या. माझे पाय शाबूत आहेत.” डोक्याला फडके बांधून तो शेवटपर्यंत खेळला. सुतार ही गोष्ट सांगे, तेव्हा स्वतःच्या कपाळावरून हात फिरवी.

बेकरीवाल्याचे दैवत अगदी उलटे. तो कडेने खेळणारा, काडीसारखा पोरगा. त्याचे नाव पडले ‘पाखरू’. मनात आले तर चार जणांना चकवून चेंडू असा नेई, की विरुद्ध बाजूचे लोकही उभे राहत. मनात नसले तर पुढचे दोन-तीन सामने तो मैदानात आहे की घरी, हे कळत नसे. माझ्यावर तो पुष्कळदा झोपला. खरे सांगू का? कधीकधी त्याला काही झालेले नसे, नुसता दम लागलेला असे. पण त्याच्या अंगाला वजन असे नव्हतेच, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

आणि ताईला आवडे तो तिसराच. तो गॅसचे सिलिंडर घरोघरी पोचवी आणि क्लबमध्ये बदली खेळाडू होता. त्याच्या पायात ना कुलुपाची ताकद, ना पाखराची जादू. शेवटची थोडी मिनिटे उरली की त्याला आत पाठवत, आणि तो शिट्टी होईपर्यंत जिवाच्या आकांताने धावे. साऱ्या कारकिर्दीत त्याने एकच गोल केला, तोही पाठीने. चेंडू येताना त्याला दिसलाच नव्हता. त्या दिवशी पायऱ्या जेवढ्या हसल्या आणि जेवढ्या नाचल्या, तेवढ्या पुन्हा कधी नाही. ताई म्हणे, चषक काय, कपाटात जाऊन बसतो. हा गोल मला स्वयंपाक करतानाही आठवतो.

वर्षे गेली. तिघेही खेळायचे थांबले. पायऱ्यांवरच्या सामन्यातून मात्र त्यांना कुणी बाहेर काढले नाही.

मग क्लबला पन्नास वर्षे पूर्ण व्हायची वेळ आली. मैदानाचे जुने फाटक काढून नवे बांधायचे आणि त्याला एका जुन्या खेळाडूचे नाव द्यायचे, असे ठरले. नाव चाहत्यांनी सुचवायचे होते. झाले! इतकी वर्षे जे भांडण गोडीगुलाबीने चालले होते, त्याला धार चढली.

एरवी मी सुताराच्या शेडमध्ये भिंतीला टांगलेले असे. तिथे एका संध्याकाळी बेकरीवाला आला. बोलणे फाटकावरून सुरू झाले. कुलुपाने खेळ नाही केला, नुसते लोकांचे पाय तुडवले, असे तो बोलून गेला. सुतार रंधा मारत होता. हात न थांबवता तो म्हणाला, “पाखरू तुला आवडणारच. तूही तसाच. चार दिवस दुकान उघडं, चार दिवस बंद.”

बेकरीवाल्याची बेकरी मधे दोनदा बंद पडली होती. त्या घरात तो विषय कुणी काढत नसे. तो टोपी उचलून निघून गेला.

त्यानंतर दोघांचा अबोला सुरू झाला. पण मला तर दोघांनीच उचलायचे! पुढच्या सामन्यात आमच्या गोलीचा घोटा मुरगळला. पुढचा झपाझप चालला, मागचा मुद्दाम सावकाश. मी बोटीसारखे डुलू लागले. बिचारा गोली कळवळून म्हणाला, “काका, तुमचं काय ते तुम्ही बघा, पण पाय माझा आहे.” दोघे खजील झाले. पावले जुळवली, पण तोंडे उघडली नाहीत. ताईने दोघांनाही समजावून पाहिले. मग कंटाळून तीही गप्प झाली. तिसऱ्या पायरीवर ती आता एकटीच हसे, आणि तेही कमी.

समारंभाच्या दिवशी जुन्या खेळाडूंचा सामना ठेवला होता. कुलूप आला नाही. गुडघे गेले, असा त्याचा निरोप आला. सुताराचे तोंड उतरले. पाखरू आला होता. केस पिकलेले, अंगाने अजून काडी. सिलिंडरवालाही होता, ढेरी सांभाळत. तो मैदानात उतरला तेव्हा ताई उभी राहून टाळ्या वाजवू लागली, आणि वाजवता वाजवताच छातीवर हात दाबून खाली बसली. मग आडवी झाली.

माझे दांडे कुणी आधी धरले, सांगता येणार नाही. ताईला माझ्यावर ठेवले तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बेकरीवाल्याने मागचा दांडा दोनदा उचलला, दोनदा तो त्याच्या हातून निसटला. तेवढ्यात सिलिंडरवाला धावत आला. “सोडा तुम्ही. मला ओझ्याची सवय आहे,” म्हणून त्याने दांडे घेतले आणि सुताराच्या पावलात पाऊल टाकले. बेकरीवाला बहिणीचा हात धरून बाजूने पळू लागला.

फाटकापाशी माणसांची भिंत झाली होती. दवाखान्याची गाडी मागवायची तर वेळ नव्हता. सुतार ओरडत होता, कुणाला ऐकू जात नव्हते. आणि मग मी पाहिले, आमच्या डावीकडून पाखरू निघाला. या खांद्याला हूल, त्या कोपराखालून वाट. गर्दीला कळायच्या आत तो रस्त्यावर पोचला आणि येणाऱ्या दुधाच्या गाडीपुढे हात पसरून उभा राहिला. गाडी त्याच्या पोटापाशी थांबली.

जुने फाटक अरुंद होते. मला तिरके केल्याशिवाय बाहेर काढता येईना, आणि तिरके करावे तर ताई घसरत होती. बेकरीवाल्याने तिला आपल्या अंगाचा टेकू दिला. इंच इंच करत आम्ही सुटलो. दुधाच्या कॅनांच्या मधे मला ठेवून गाडी दवाखान्याकडे धावली.

डॉक्टरीणबाईंनी ताईला आत नेले. मला बाहेर भिंतीला टेकवून ठेवले. बाकावर सुतार आणि बेकरीवाला बसले होते, मधे एका माणसाची जागा सोडून.

मग बेकरीवाला खाली बघत म्हणाला, “दाजी, बेकरी बंद पडली ना, तेव्हा मला सकाळी उठावंसं वाटायचं नाही. शनिवारी पाखराला बघायला मिळायचं, म्हणून मी शनिवारपर्यंत तग धरायचो.”

सुताराने आपले दोन्ही हात मांडीवर पसरले. त्याच्या एका बोटाचे टोक करवतीने गेले होते. “हे गेलं त्या वर्षी मी काम सोडणार होतो,” तो म्हणाला. “कुलूप फुटलेलं कपाळ घेऊन खेळला. मी दुसऱ्या दिवशी करवत हातात घेतली.” मग तो म्हणाला, “तुला तसं बोलायला नको होतं मी. आणि पाखराबद्दलही. आज तो नसता तर…”

बेकरीवाला सरकून मधल्या जागेवर बसला.

मित्रांनो, त्या बाकापाशी मला एक गोष्ट कळली. लोक खेळाडूची निवड त्याच्या पायांवरून करत नाहीत. आपल्या वाईट दिवसांत जो मैदानात होता, त्याला ते जन्मभर विसरत नाहीत. म्हणून कुणाच्या आवडत्या खेळाडूला नावे ठेवताना जरा थांबा. तुम्ही कुणाच्या उपकाराला हात लावताय, ते तुम्हाला ठाऊक नसते.

ताई वाचली. वेळेवर आणले म्हणून, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चार दिवसांनी क्लबचे सेक्रेटरी फळे घेऊन भेटायला आले. फाटकाला नाव कुणाचे द्यायचे, ते तुम्हीच सांगा, असा त्यांनी आग्रह धरला. सुतार आणि बेकरीवाला दोघेही कान टवकारून उभे राहिले.

ताई म्हणाली, “नाव कुणाचंही द्या. पण फाटक रुंद करा. माणूस सरळ बाहेर गेला पाहिजे.”

आता ते फाटक रुंद आहे. त्यावर फक्त क्लबचे नाव आहे, आणि त्यावरून पायऱ्यांवर अजून भांडण होते, पण हसत हसत. माझ्या जागी चाकांचे हलके स्ट्रेचर आले आहे. मी क्लबच्या खोलीत असते. मला कशाचे दुःख नाही. शूर, लहरी, साधे, सगळ्या तऱ्हेचे खेळाडू माझ्या अंगावर विसावले, आणि मला उचलणारे हात मायेचे होते. एका स्ट्रेचरला आणखी काय हवे?

एवढेच मागणे आहे. जिची गरज कधी पडू नये असे वाटते, ती वस्तू लोक अडगळीत टाकतात आणि ऐन वेळी तिची शिवण उसवते. तसे करू नका. त्या नव्या स्ट्रेचरची चाके अधूनमधून फिरवून बघा, पट्टे ओढून बघा. त्याला खुशाल रिकामे राहू द्या, पण तयार ठेवा.