नीट लावलेल्या बाटल्या

अंजनीबाईंचा हात फिरला की अंबरनाथच्या त्या क्वार्टरमध्ये धुळीचा कण शोधून सापडायचा नाही. त्या दिवशी दुर्दैवाने तो हात सुनेच्या टेबलावरून फिरला.

"बाटल्यांवरच्या कागदांच्या खळीला मुंग्या लागल्या होत्या गं. सगळं पुसून काढलं, बाटल्याही नीट लावून ठेवल्या," त्या शाबासकीची वाट बघत म्हणाल्या.

वृंदा टेबलाकडे धावली. उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या बाजारातून तिने होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या आणल्या होत्या, त्यांत गाळ भरून प्रत्येकीवर नंबराची चिठ्ठी डकवली होती. आता एकीवरही चिठ्ठी नव्हती. पांढऱ्या एकीकडे, मळकट मधे, करड्या शेवटी. दोन वर्षांच्या कामावर ओलं फडकं फिरलं होतं, आणि तेही प्रेमाने!

लक्षद्वीपच्या प्रवाळाशेजारी खोल तळात नळी खुपसून काढलेला गाळ होता तो, दर थराची एक बाटली. उबदार काळात समुद्र चढे, प्रवाळाचा माथा पाण्याखाली जाई, पोवळी फोफावत आणि त्यांचा पांढरा चुरा उतारावरून तळाशी साचे. थंडीचं युग आलं की समुद्र उतरे, माथा कोरडा पडे, तळाशी करडा चिखल तेवढा बसे. हजारो वर्षांचं हे चढणं-उतरणं थरांच्या क्रमात होतं. क्रम गेला की उरला नुसता गाळ.

उभ्या चिरलेल्या नळीचा दुसरा अर्धा भाग, सगळे थर जागच्या जागी असलेला, गोव्याला तिच्या मार्गदर्शक सरांकडे होता. मुंबईच्या प्रयोगशाळेसाठी हे नमुने देताना सरांनी बजावलं होतं, "सासरी नेताय. एक बाटली इकडची तिकडे झाली, तर काम दुसऱ्याला देईन." आणि उद्या बाटल्या पोचवायच्या होत्या.

संध्याकाळी नवरा, शशिकांत, कारखान्यातून आला. सगळं ऐकून म्हणाला, "टेन्शन कशाला घेतेस? पांढरं, करडं, परत पांढरं, असंच येणार ना? तुमच्या पुस्तकातच आहे. लाव तसं. कोणाला कळतंय?"

कोणालाच कळलं नसतं, याचीच तिला भीती वाटली. तरी हात बाटल्यांकडे गेले. बघता बघता ओळ अशी जमली, की छापून आणावी. एकच करडी बाटली उरली. नळी उघडली तेव्हा जाड पांढऱ्या थराच्या मधोमध एक करडी रेघ दिसली होती, कुठल्याही पुस्तकात न बसणारी. त्या रेघेपायी ती आनंदाने रात्रभर जागली होती. ही बाटली तीच का, कोण सांगणार? तिने ती इतर करड्यांत सरकवली.

अंजनीबाई चहा घेऊन आल्या. "अगंबाई, किती छान लावल्यास! माझ्यापेक्षाही नीट."

वृंदाला चहा गिळवेना. तिने चपला घातल्या आणि थेट कोपऱ्यावरचा एसटीडी बूथ गाठला. गोव्याचा नंबर फिरवला.

"सर, वृंदा बोलतेय. बाटल्यांचा क्रम गेला. सगळ्यांचा."

पलीकडून सर म्हणाले, "काय ठरलं होतं, आठवतंय ना?"

"हो सर." ती म्हणाली. "काम ज्याला द्याल, त्याला एवढंच सांगा. तुमच्याकडच्या अर्ध्या भागातही पांढऱ्याच्या मधोमध एक करडी रेघ आहे. चुकून आली असेल म्हणून पुसू नको म्हणावं."